न सांगण्याजोगे दुखणे

गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून आमच्या घरातली सगळी मंडळी गाण्याच्या कार्यक्रमाला निघाली होती आणि मी मात्र डोक्याला रुमाल बांधून पलंगावर पडलो होतो. "डोके फार दुखते आहे, तुम्ही व्हा पुढे," असे मी सर्वांना सांगितले. नात दोनदा दारातून परत आली. "आजोबा, तुम्ही नाही आलात तर मला राग कोण ओळखून दाखवणार?" म्हणाली. तिची समजूत घालून एकदाचे दार लावून घेतले.

वाचकहो, माझे डोके मुळीच दुखत नव्हते. त्याआधी सात आठवड्यांपूर्वी माझी प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. ती उत्तम झाली होती. गाठ समूळ निघाली, तपासणीचे कागद समाधानकारक आले, भेटायला येणारे पेढे मागू लागले. पण खोकला आला, शिंक आली, कोणी विनोद केला किंवा नुसता खुर्चीतून उठलो, तरी लघवीचे थेंब आपोआप गळत आणि कपडे ओले होत. तीन तास गर्दीत बसायचे, मध्यंतरात रांगेत उभे राहायचे आणि घरी परतताना पायजम्यावर डाग दिसला तर? या एका धास्तीपायी मी माझ्या नातीशी खोटे बोललो. कर्करोग झाला असे ऐकून न डगमगलेला मनुष्य खुर्चीतून उठायला भिऊ लागला होता.

दिवाळीच्या अंकात, चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांची मी आधीच क्षमा मागतो. पण चार माणसांत हा विषय काढू नये म्हणून तो कोणीच काढत नाही, आणि ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला वाटते, जगात हे आपल्या एकट्याच्याच नशिबी आले. मलाही तसेच वाटले होते. म्हणून हा खटाटोप.

दोन दरवान

आधी हे होते कसे ते समजून घेऊ. मला ते एका तरुण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. शस्त्रक्रियेपूर्वी समजावून घेतले असते तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचला असता.

प्रोस्टेट, म्हणजे आपल्या पुस्तकी भाषेत पुरःस्थ ग्रंथी, ही अक्रोडाएवढी असते आणि फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, खालच्या बाजूला ती बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. या वाटेवर निसर्गाने दोन दरवान ठेवले आहेत. पहिला मूत्राशयाच्या तोंडाशीच असतो. तो आपल्या हुकमातला नाही. आपण झोपलो असू, गप्पा मारत असू, तो आपले काम करतच असतो. दुसरा प्रोस्टेटच्या खाली असतो. हा गोल स्नायू आपल्या इच्छेने आवळता येतो. गाडीत बसल्यावर लघवी लागली की आपण जो आवरून धरतो तो हा.

कर्करोगासाठी प्रोस्टेट संपूर्ण काढावी लागते, आणि ती काढताना नळीचा तेवढा तुकडाही जातो. मग मूत्राशयाचे तोंड खाली ओढून उरलेल्या नळीला टाके घालून जोडतात. या खटपटीत पहिला दरवान बहुतांशी कामातून जातो. जन्मभर दुय्यम कामावर असलेल्या दुसऱ्या दरवानावर एकाएकी सगळा भार येऊन पडतो. शस्त्रक्रियेने तोही थोडा दुखावलेला, थकलेला असतो. मग पोटात जरा दाब वाढला की त्याचा हात सुटतो. खोकला, शिंक, हसणे, वजन उचलणे, बसल्या जागेवरून उठणे ही सगळी दाब वाढवणारीच कामे. सकाळी बरे असते आणि संध्याकाळी जास्त गळते, कारण संध्याकाळपर्यंत तो बिचारा दमलेला असतो. रात्री आडवे पडल्यावर दाब कमी, म्हणून बहुतेकांची अंथरुणे आधी कोरडी राहू लागतात आणि दिवस मागाहून सुधारतो.

ही शस्त्रक्रिया काही कालपरवाची नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली ती केली होती. पुढे तेथेच डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी जाणारे नाजूक मज्जातंतू वाचवून ती करण्याची रीत घालून दिली. या तंतूंचा संबंध पुरुषत्वाशी असतो. आता तर शल्यचिकित्सक यंत्रमानवाच्या बारीक हातांनी ती करतात. हत्यारे सुधारली, रक्तस्राव कमी झाला, मनुष्य दोनचार दिवसांत घरी येऊ लागला. पण पहिल्या दरवानाची जागा काही बदललेली नाही. म्हणून नळी काढल्यावर काही काळ गळती होणे हे आजही बहुतेकांच्या वाट्याला येते. डॉक्टरांच्या हातून काही चुकले किंवा आपण काही पाप केले, असा त्याचा अर्थ नव्हे.

माझ्या चुका

शस्त्रक्रियेनंतर जोड भरून येईपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, मूत्राशयात रबरी नळी ठेवतात. तिला कॅथेटर म्हणतात. लघवी पिशवीत जमते. त्या पिशवीचा मला इतका कंटाळा आला होता की नळी निघेल तो दिवस सोन्याचा, असे मी म्हणत होतो. तो दिवस आला. नर्सने नळी काढली, मी उभा राहिलो आणि लघवी सरळ पायावरून जमिनीवर. मी आगीतून फुफाट्यात पडलो असे मला वाटले.

डॉक्टरांनी आधी सांगितले नव्हते असे नाही. "काका, काही दिवस थोडी गळती होईल," असे एक वाक्य ते बोलले होते. पण समोर कर्करोग हा शब्द उभा असताना बाकीची वाक्ये कोणाच्या कानात शिरतात? मी काही विचारले नाही, त्यांनी पुन्हा सांगितले नाही.

घरी आल्यावर मी माझ्या अकलेने उपाय सुरू केले. पहिला उपाय, पाणी पिणे बंद. पाणीच नाही तर गळेल काय, असा साधा हिशेब! परिणाम उलटा झाला. लघवी दाट व गडद झाली, मूत्राशयाची आग होऊ लागली आणि घाई वाढली. शिवाय शौचाला खडा धरू लागला. कुंथावे लागले की खालच्या स्नायूंवर ताण येतो, म्हणजे गळती आणखी वाढते. दुसरा उपाय, दर अर्ध्या तासाने, लागो न लागो, उगाच जाऊन येणे. त्यामुळे मूत्राशयाला थोडेही साठवण्याची सवय राहिली नाही. आणि तिसरा उपाय सर्वांत वाईट. कोणाला कळू द्यायचे नाही. ओले कपडे दिवसभर पिशवीत लपवून ठेवायचे आणि रात्री सगळे झोपल्यावर धुवायचे.

सकाळचे फिरणे मी बंद केले. कट्ट्यावरच्या मित्रांना वाटले, शस्त्रक्रियेने बुवा खचला. नात मांडीवर बसायला आली की तिला "पाय दुखतो" म्हणून बाजूला सारू लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

भाऊबीजेची रात्र

भाऊबीजेला माझी ताई आली. पंचाहत्तरी ओलांडली तरी दर वर्षी येते. पाटावर बसलो, तिने ओवाळले. ताटात ओवाळणी घालून मी पाटावरून उठलो, आणि व्हायचे तेच झाले. पाट ओला झाला. मी झटकन तांब्याला धक्का लावून पाणी सांडल्याचे सोंग केले. सगळे हसले. ताई म्हणाली, "अरे, वेंधळेपणा काही गेला नाही तुझा!"

त्या रात्री दोन वाजता मी न्हाणीघरात पायजमा धूत होतो. मागे दिवा लागला.

"अहो, हे काय चालले आहे?" सौ. दारात उभी.

"काही नाही. पाणी सांडले होते ना मघाशी."

"रोज रात्री दोन वाजता पाणी सांडते होय?"

मी गप्प. ती स्टूल ओढून तिथेच बसली. माझ्या हातातला पायजमा तिने घेतला, पिळला आणि दोरीवर टाकला. मग खाली बघत म्हणाली, "धाकटीच्या बाळंतपणापासून मला जोराची शिंक आली की असेच होते. पस्तीस वर्षे झाली."

मी थक्क झालो. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलेत? बायकांचे हे चालायचेच, असे आईने सांगितले होते. मी हसताना तोंडाला पदर लावते ना, तेव्हा पायही आवळून घेते. तुम्हाला वाटायचे, मी लाजते."

चाळीस वर्षांच्या संसारात एकाच छपराखाली दोन माणसे एकच दुखणे एकमेकांपासून लपवीत होती. त्या रात्री आम्ही दोघेही हसलो, आणि हसण्याचे जे परिणाम व्हायचे ते दोघांनाही झाले. पण पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या आठवड्यात ती मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. "आता दोघांचेही सांगायचे," असे तिने बजावले होते.

झोळीचा व्यायाम

डॉक्टरांनी आम्हाला व्यायामोपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. वयाने माझ्या मुलीएवढ्या. अशा मुलीसमोर हे कसे बोलायचे, म्हणून मी घामाघूम झालो. पण त्यांनी गुडघ्याच्या दुखण्याविषयी बोलावे इतक्या सहज विचारपूस केली आणि माझा संकोच निम्मा गळून पडला.

ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. आपला दुसरा दरवान तिच्याशीच जोडलेला. झोळी बळकट केली की दरवानाला बळ येते. डॉ. आर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, तो बाळंतपणानंतर गळती होणाऱ्या स्त्रियांसाठी. म्हणजे मूळ औषध सौ.चेच, मी मागाहून त्यात वाटेकरी झालो. आपल्याकडे हठयोगात मूलबंध सांगितला आहे. ज्यांना तो येतो त्यांना ही क्रिया चटकन समजेल, कारण आत ओढून घेण्याचे स्नायू जवळजवळ तेच.

व्यायाम असा. वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळतो, तसे आतून आवळावे आणि त्याच वेळी लघवी थांबवल्यासारखे आत-वर ओढावे. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवावेत. श्वास कोंडू नये. इथेच बहुतेकांचे चुकते. मी पहिल्या दिवशी इतका जोर केला की चेहरा लाल झाला आणि नेमका हवा तो स्नायू ढिलाच राहिला! बाई हसून म्हणाल्या, "काका, कपाळाला आठ्या नकोत. शेजारी बसलेल्या माणसालाही कळता कामा नये."

सुरुवातीला तीन-चार मोजेपर्यंत धरावे, तेवढाच वेळ सोडावे. हळूहळू दहापर्यंत न्यावे. असे दहा वेळा. मग दहा वेळा झटपट आवळून सोडावे, कारण शिंक सूचना देऊन येत नाही. हा क्रम दिवसातून तीन वेळा करावा. आधी निजून, मग बसून, मग उभ्याने. लघवी करताना मध्येच थांबवण्याचा व्यायाम मात्र रोज करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. स्नायू सापडला की नाही हे पाहण्यापुरते एखादे वेळी केले तर चालते. नळी आत असताना हा व्यायाम करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी शिकून ठेवता आला तर उत्तमच.

आणि सर्वांत उपयोगी युक्ती: खोकण्याच्या, शिंकण्याच्या, उठण्याच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचे आणि मगच पुढची हालचाल. महिनाभर आठवण ठेवावी लागते, पुढे शरीरच ठेवते.

आम्ही दोघे सकाळच्या चहाआधी, दुपारी वर्तमानपत्र वाचताना आणि रात्री बातम्यांच्या वेळी हा व्यायाम करू लागलो. चेहऱ्यावरून काही कळत नसल्यामुळे मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघे अलीकडे बातम्या फार लक्ष देऊन ऐकता!"

हिशेबाची वही

जन्म बँकेत खतावण्या लिहिण्यात गेला, तेव्हा जित्याची खोड. बाईंनी सांगताच मी वही घातली. किती वाजता गेलो, किती प्यालो, कधी गळले, दिवसाला किती पॅड लागले. पहिल्या महिन्यात दिवसाला सहा. तिसऱ्या महिन्याअखेर तीन. सहाव्या महिन्यात एक, तोही पुष्कळदा कोरडाच. मध्ये एक आठवडा सर्दीने पुन्हा चारवर गेलो तेव्हा धीर सुटला होता; पण वही उघडून मागची पाने पाहिली आणि पुन्हा धीर आला. रोजच्या रोज सुधारणा दिसत नाही, महिन्याच्या हिशेबात दिसते.

पॅडविषयी दोन शब्द. औषधांच्या दुकानात पुरुषांसाठी वेगळ्या आकाराचे पॅड मिळतात. पहिल्यांदा मी दुकानातली गर्दी सरेपर्यंत फूटपाथवर उभा होतो. शेवटी सौ. पुढे झाली आणि साबण मागावा तसे मागून मोकळी झाली. पॅड ओला झाला की लगेच बदलावा, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी, लाली आल्यास डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावावे. बाहेर जाताना पिशवीत एक-दोन जादा पॅड, एक पायजमा आणि एक बंद होणारी पिशवी ठेवावी. कपडे गडद रंगाचे घालावेत. नाटकाला कडेची खुर्ची घ्यावी. या क्षुल्लक गोष्टींनीच मनुष्य घराबाहेर पडतो.

पाणी मनमुराद प्यावे. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी बंधन घातले नसेल तर दिवसाला दीड-दोन लिटर. फक्त झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्यावा. चहा, कॉफी आणि मद्य मूत्राशयाला डिवचतात. माझे चार कप चहा दोनवर आले, तेवढ्यानेही फरक पडला. उगाच जाण्याची सवय मोडण्यासाठी मधले अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत मी तीन तासांवर आलो. पालेभाज्या, फळे खाऊन पोट साफ ठेवावे. पोटाचा घेर कमी केला तर दरवानावरचा भारही कमी होतो. तंबाखू-विडीचा खोकला तर या दुखण्याचा सख्खा भाऊ. तो हाकलावाच.

वर्षानंतरही थांबले नाही तर

बहुतेकांची गळती काही महिन्यांत बरीच कमी होते आणि वर्षभर सुधारत राहते. पण काहींची थांबत नाही, विशेषतः ज्यांना नंतर किरणोपचार घ्यावे लागले आहेत त्यांना अधिक त्रास संभवतो. त्यांनीही "आता हेच आपले नशीब" म्हणून बसू नये. पुढचे उपाय आहेत.

घाई होऊन गळत असेल तर मूत्राशय शांत करणारी औषधे डॉक्टर देतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, क्वचित मलावरोध होतो, म्हणून ती मनाने घेऊ नयेत. प्रवासासाठी निरोधासारखे बाह्य आवरण लावून त्याला पिशवी जोडण्याची सोय असते. गळती बेताची असेल तर नळीखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. आणि फारच असेल तर कृत्रिम दरवान! अमेरिकेतील ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तो प्रथम बसवला. नळीभोवती पाणी भरलेले छोटे कडे, पोटात एक लहान फुगा आणि अंडकोशाच्या पिशवीत एक कळ. लघवी लागली की कळ दाबायची, कड्यातले पाणी फुग्यात जाते आणि वाट मोकळी होते. काही मिनिटांत कडे आपोआप भरून पुन्हा आवळले जाते. ते यंत्रच आहे, तेव्हा काही वर्षांनी दुरुस्तीची वा बदलण्याची वेळ येऊ शकते, आणि खर्चही थोडा नाही. पण त्यामुळे पुष्कळ माणसे पुन्हा हिंडूफिरू लागली आहेत. असे निर्णय साधारण सहा महिने ते वर्षभर व्यायाम करून पाहिल्यावरच घेतात.

मात्र काही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, धार अगदी बारीक झाली किंवा लघवी अडली तर तडक डॉक्टर गाठावा. जोडाच्या ठिकाणी वाट अरुंद होण्याचा संभव असतो, आणि त्यावर उपाय आहे.

यंदाची दिवाळी

माझे म्हणाल तर मी शंभर टक्के बरा झालो असे म्हणणार नाही. जड पिशवी उचलली किंवा संध्याकाळी फार दमलो तर अजून एखादा थेंब येतो. बाहेर जाताना पातळ पॅड लावतो, चष्मा लावावा तसा. सौ.चे शिंकेचे दुखणे मात्र जवळजवळ गेले. पस्तीस वर्षांचे दुखणे सहा महिन्यांच्या व्यायामाने हटले, याचा तिला आनंद आहे आणि थोडा रागही. "इतकी वर्षे कोणी सांगितले का नाही?" म्हणते. आता भिशीच्या बायकांना ती स्वतः सांगते.

कट्ट्यावरही मी एके सकाळी सांगून टाकले. दोन मिनिटे सगळे चूप. मग आमच्यातले एक वकीलसाहेब, चार वर्षांमागे ज्यांची हीच शस्त्रक्रिया झाली होती, हळूच म्हणाले, "म्हणूनच मी सहलीला येत नव्हतो हो." आम्हाला वाटायचे, गडी कंजूस झाला! त्यांना आता बाईंकडे पाठवले आहे.

यंदा नरकचतुर्दशीच्या कार्यक्रमाची तिकिटे मीच काढून आणली आहेत. कडेच्या दोन खुर्च्या, एक माझी, शेजारची नातीची. भाऊबीजेला ताई येणार आहे. तांब्या कसा लवंडला होता ते तिला या वेळी खरे सांगणार आहे. वयाने ती माझ्याहून मोठी, तीन बाळंतपणे झालेली. कोणी सांगावे, तिच्याकडेही सांगण्यासारखे काही असेल.

आपल्या घरात एखादे काका, आजोबा, वडील अलीकडे कार्यक्रमाला यायचे टाळत असतील, हसता हसता एकदम गप्प होत असतील, तर त्यांना चारचौघांत विचारू नका. एकटे असताना, हलक्या आवाजात विचारा. आणि घरातल्या बाईलाही विचारा. तिला तर कोणी विचारलेलेच नसते.